काळे झेंडे आणि तीन आणे

३० नोव्हेंबर १९५७ चा दिवस. प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण करायला पंतप्रधान जवाहरलाल नेहरू निघाले होते. वाई आणि पसरणीच्या घाटात रस्त्याच्या कडेला माणसांची दाटी झाली होती. पण ही माणसे हार-फुले घेऊन आलेली नव्हती. त्यांच्या हातात काळे झेंडे होते. दहा वर्षांपूर्वी याच नेहरूंना नुसते पाहायला मिळावे म्हणून लोक मैलोन्‌मैल पायपीट करीत. मग या दहा वर्षांत असे काय बिघडले?

नेत्यावर कोणी सडकून टीका केली की आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणजे टीका करणारा द्वेष्टा आहे. दुसरे, तो कृतघ्न आहे. नेहरूंच्या बाबतीत ही दोन्ही उत्तरे तपासून पाहण्यासारखी आहेत, कारण त्यांच्यावर सर्वांत कडक बोलणारी माणसे कोण होती याची नोंद आपल्यासमोर आहे. त्यांत त्यांचे विरोधक तर होतेच, पण त्यांच्या घरातली आणि ताटातली माणसे कमी नव्हती.

चिंतामणराव देशमुख त्यांचे अर्थमंत्री. आचार्य कृपलानी स्वातंत्र्य मिळाले तेव्हा त्यांच्याच काँग्रेसचे अध्यक्ष. राममनोहर लोहिया यांनी तरुणपणी अलाहाबादला काँग्रेसच्या परराष्ट्र विभागाचे काम नेहरूंच्या देखरेखीखाली केलेले. फिरोज गांधी तर जावई. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नाही, त्याच्यावर रागावण्याचे कष्ट माणूस घेत नाही. परक्याच्या पोराने खोडी काढली तर आपण हसून सोडून देतो. आपल्या पोराने काढली तर आवाज चढतो.

महाराष्ट्राचा राग असाच होता. भाषेच्या पायावर प्रांत करू, हे वचन काँग्रेसने स्वातंत्र्याच्या आधीपासून दिलेले होते. न्यायमूर्ती फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाचा अहवाल १९५५ मध्ये आला आणि त्यात मराठी माणसाला मुंबईसह त्याचे राज्य मिळाले नाही. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनला मोर्चावर गोळीबार झाला. पुढे १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी रेडिओवरून मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जाहीर केला आणि शहर पेटले. पुन्हा गोळीबार झाले. या लढ्यात शंभराहून अधिक माणसे गेली. त्यांच्यासाठीच आज फ्लोरा फाउंटनजवळ हुतात्मा चौक आहे.

देशमुखांनी राजीनामा दिला तो याच प्रश्नावर. मुंबईबद्दलचा एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात चर्चा न करता झाला, हा त्यांचा आक्षेप होता. मुंबईच्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी, हीसुद्धा त्यांची मागणी होती. शांत स्वभावाचा, संस्कृतात रमणारा हा माणूस, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर. पण लोकसभेत त्यांनी जे निवेदन केले, त्याची धार काळ्या झेंड्यांपेक्षा कमी नव्हती. आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ त्याच वर्षी निघाला आणि रोज सकाळी दिल्लीच्या कारभाराची सालपटे काढू लागला. मैदाने गाजवायला शाहीर होतेच. त्यांतला सगळ्यांत पहाडी आवाज बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेल यांचा. हे नाव सांगितले तर आजची मुले कोण म्हणून विचारतील. अमर शेख म्हटले की कळेल, निदान त्यांच्या आजोबांना तरी. मराठी राज्यासाठी दिल्लीला ललकारणारा हा आवाज एका मुसलमान घरातून आलेला होता. आपल्या घरांत ही गोष्ट जितकी सांगायला हवी तितकी सांगितली जात नाही.

या रागाची किंमत मोजावी लागे, हेही खरे. शायर मजरूह सुलतानपुरी यांनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईत नेहरूंवर एक फार कडवट कविता ऐकवली. तेव्हाच्या मुंबई सरकारने त्यांना अटक केली. माफी मागा, सुटका होईल, असे सांगण्यात आले. मजरूहनी माफी मागितली नाही आणि सुमारे दोन वर्षे तुरुंगात काढली. ही हकीकत सांगताना बहुतेक जण मजरूहच्या हिमतीपाशी थांबतात. मला मात्र घरी राहिलेल्या त्यांच्या बायकोचा विचार येतो. घर कसे चालले असेल? राज कपूर यांनी त्या काळात मजरूहकडून एक गाणे लिहून घेतले आणि त्याचे हजार रुपये दिले, असे सांगतात. त्या दिवसांत ती मोठीच रक्कम होती. ते गाणे पुढे १९७५ च्या ‘धरम करम’ चित्रपटात आले. पण प्रत्येक कैद्याच्या घरी राज कपूर येत नाही.

म्हणूनच जेवायला बसल्यावर तरुण मुलगा देशाच्या नेत्याबद्दल तावातावाने बोलू लागला की आई उठून आधी खिडकी लावते, तेव्हा तिला भित्री म्हणून मोकळे होऊ नये. तिची भीती हवेतून आलेली नाही. एका मोबाइल संदेशावरून पोलीस दारात आल्याच्या बातम्या तिने वाचलेल्या असतात. आणि नेहरूंचा काळ म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्याचा सुवर्णकाळ होता, असेही कोणी समजू नये. मद्रास सरकारने मुंबईच्या ‘क्रॉस रोड्स’ साप्ताहिकावर बंदी घातली, ती सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये उठवली. त्यानंतर वर्षभरातच, १९५१ मध्ये, नेहरूंच्याच सरकारने राज्यघटनेत पहिली दुरुस्ती करून भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांची कक्षा वाढवली. याच नेहरूंनी १९४८ मध्ये ‘शंकर्स वीकली’चे उद्घाटन केले होते आणि त्यातल्या व्यंगचित्रांत स्वतःची टर उडवून घेतली होती. एकाच माणसात दोन्ही गोष्टी होत्या.

टीकेची धार वाढण्याचे दुसरे कारण नेत्याच्या स्वतःच्या मोठेपणात असते. सगळे चांगले एकाच नावाला चिकटवले की सगळे वाईटही तिथेच येऊन आदळते. हा धोका नेहरूंना आधीच दिसला होता. १९३७ मध्ये कलकत्त्याच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात ‘राष्ट्रपती’ नावाचा एक लेख आला. लेखकाचे नाव होते चाणक्य. लोकांच्या जयजयकारामुळे जवाहरलालचा अहंकार वाढतो आहे, तो हुकूमशहा होऊ शकतो, तेव्हा सावध राहा, असा त्याचा सूर होता. काँग्रेसवाले भडकले. नंतर कळले की चाणक्य म्हणजे खुद्द जवाहरलाल!

पण इशारा देणे वेगळे आणि तो पाळणे वेगळे. १९४७ पासून मरेपर्यंत परराष्ट्र खाते त्यांनी स्वतःकडेच ठेवले. साहजिकच चीनचा घाव बसला तेव्हा बोट दाखवायला दुसरे कोणी उरले नाही. अक्साई चीनमध्ये गवताचे पातेही उगवत नाही, असे ते संसदेत बोलून गेले होते. त्यावर त्यांच्याच पक्षाच्या महावीर त्यागींनी आपल्या टकलाकडे बोट दाखवून, इथेही काही उगवत नाही, मग हे पण देऊन टाकायचे का, असे विचारल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. ऑक्टोबर १९६२ मध्ये युद्ध आले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावे लागले, यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. ऑगस्ट १९६३ मध्ये कृपलानींनी लोकसभेच्या इतिहासातला पहिला अविश्वास ठराव मांडला. बाजूने ६२ मते पडली, विरुद्ध ३४७. सरकारला धक्का लागणार नाही हे मांडणाऱ्यांनाही माहीत होते.

तरीही त्या दिवसांतले एक भांडण आजही वाचण्यासारखे आहे. लोहिया नुकतेच फर्रुखाबादहून पोटनिवडणूक जिंकून आले होते. आदल्याच वर्षी फुलपूरला नेहरूंविरुद्ध उभे राहून ते हरले होते. त्यांनी लोकसभेत आकडा टाकला: देशातले सत्तावीस कोटी लोक रोज तीन आण्यांवर जगतात आणि एका पंतप्रधानावर रोज पंचवीस हजार रुपये खर्च होतात. नेहरू म्हणाले, तीन नव्हे, पंधरा आणे. नियोजनमंत्री गुलझारीलाल नंदा साडेसात आण्यांवर आले. नवे पैसे सुरू होऊन सहा वर्षे झाली होती, तरी देशाची गरिबी आण्यांतच मोजली जात होती, कारण बाजारात बाई भाजी घेताना आण्यांतच हिशेब करी. लोहियांचा आकडा अगदी अचूक होता की नाही, यावर अर्थतज्ज्ञांना वाद घालू द्या. महत्त्वाचे हे, की गरीब माणसाच्या रोजच्या कमाईवर लोकसभेत आण्या-आण्यांचा वाद झाला आणि सरकारला आकडे शोधून उत्तर द्यावे लागले. लोहियांची भाषा मवाळ नव्हती. पण त्या कडकपणाच्या पोटात हिशेब होता.

आता याच नेहरूंवर आज मोबाइलवर फिरणारी टीका बघा. त्यांचे आजोबा मुसलमान होते, खरे नाव लपवले, अशा कहाण्या. घराणे काश्मिरी पंडितांचे, आजोबा गंगाधर नेहरू १८५७ च्या आधी दिल्लीचे कोतवाल. यात लपवलेले काही नाही. पण नेहरूंना कमी लेखायचे तर त्यांना मुसलमान ठरवायचे, अशी ही युक्ती आहे. म्हणजे शिवी त्यांना आणि शिवीचा शब्द आपण! हे वाचून हसावे की रडावे कळत नाही. आणि तरीही आपलीच काही मुले दुसऱ्या पक्षाच्या नेत्याच्या बायको-मुलांवर, जातीवर, चेहऱ्यावर तसलेच संदेश पुढे ढकलतात. घरातली बुजुर्ग मंडळी याला गीबत म्हणून अडवतात ते बरोबरच आहे. फक्त त्याच दमात ती रेशनचा, शाळेचा, शिष्यवृत्तीचा प्रश्नही गीबत म्हणून दाबतात, ते मात्र बरोबर नाही. सरकारी तिजोरीचा हिशेब मागणे म्हणजे कुणाच्या घरातल्या गोष्टी उकरणे नव्हे.

फिरोज गांधींनी हा फरक करून दाखवला. डिसेंबर १९५७ मध्ये त्यांनी लोकसभेत सासऱ्याच्या सरकारला विचारले, की आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या डबघाईला आलेल्या कंपन्यांचे शेअर का घेतले? रक्कम सव्वा कोटीच्या आसपास होती. पैसा विमा उतरवणाऱ्या सामान्य माणसांचा, बायको-मुलांच्या उद्यासाठी बाजूला टाकलेला. फिरोज यांनी नेहरूंच्या विरोधात एक वावगा शब्द काढला नाही. त्यांनी तारखा आणि व्यवहार मांडले. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती मोहम्मद अली करीम छागला यांना नेमले गेले. छागलांनी सुनावणी मुंबईत, लोकांसमोर, उघड्या दाराने घेतली आणि काही आठवड्यांत अहवाल देऊन टाकला. सचिवाने केले म्हणून मंत्र्याला हात झटकता येणार नाहीत, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी हे नेहरूंच्या विश्वासातले मंत्री. फेब्रुवारी १९५८ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला.

प्रतापगडाच्या रस्त्यावरचे काळे झेंडेही वाया गेले नाहीत. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले, मुंबईसह, आणि त्या सोहळ्याला नेहरू स्वतः आले. चार वर्षांनी ते गेले तेव्हा अत्र्यांनी ‘मराठा’त त्यांच्यावर लेखामागून लेख लिहिले. तेच पुढे ‘सूर्यास्त’ नावाने पुस्तकरूपात आले. ज्या लेखणीने नेहरूंना वर्षानुवर्षे फटकारले, तीच त्यांच्यासाठी रडली. आणि छागला? ज्यांच्या अहवालाने अर्थमंत्र्याची खुर्ची गेली, त्यांना त्याच वर्षी नेहरूंनी राजदूत करून अमेरिकेला पाठवले, आणि १९६३ मध्ये आपल्या मंत्रिमंडळात घेऊन देशाचे शिक्षणखाते त्यांच्या हाती दिले.