संगणकाचा सांधेवाला

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने यंत्राविषयी लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. मराठी वाङ्मय, इतिहास आणि राज्यशास्त्र हे माझे विषय. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. तेव्हा संगणकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा माझा दावा नाही. परंतु गेल्या वर्षी असा एक प्रसंग ओढवला, की संगणक सुरू होताना आत काय घडते हे समजून घेतल्यावाचून गत्यंतर उरले नाही.

वडिलांनी कापसाच्या चुकाऱ्यातून मला एक वापरलेला संगणक घेऊन दिला होता. आधीच्या मालकाने त्यावर दोन प्रणाली बसवल्या होत्या, एक विंडोज आणि दुसरी उबंटू लिनक्स. मी लिनक्सवर काम करी. मराठी विभागाच्या प्रकल्पासाठी आजीच्या तोंडच्या जात्यावरील ओव्या मी त्यात उतरवून घेतल्या होत्या. शंभराच्या वर भरल्या. श्रावणात आजी गेली. दिवाळीनंतर एका रात्री संगणक आपल्या प्रणालीत सुधारणा भरून घेत असताना वीज गेली. सकाळी बटण दाबले तर काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळींची रांग आणि शेवटी दोन शब्द: ‘कर्नल पॅनिक’. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. दुरुस्तीच्या दुकानात नेले तर तिथल्या माणसाने एक नजर टाकून सांगितले, “सगळं पुसून नव्यानं टाका लागते, भाऊ.” ओव्यांची दुसरी प्रत माझ्याजवळ नव्हती. संगणक उचलून मी घरी परत आलो.

आता मूळ विषयाकडे वळू. ‘कर्नल’ म्हणजे प्रणालीचा गाभा. प्रोसेसर, स्मृती, डिस्क, कळफलक यांना कामाला लावणारा आणि इतर सर्व कार्यक्रमांना त्यांचा वाटा वाटून देणारा तो कारभारी. हा गाभा डिस्कवर एखाद्या फाईलसारखा पडून असतो. तो स्मृतीत आल्याशिवाय काहीच चालत नाही. आणि वीज बंद झाली की स्मृती तर कोरी होते. मग कोऱ्या स्मृतीत गाभा आणतो कोण? शिवाय माझ्या संगणकावर दोन प्रणाली, त्यांतील लिनक्सचे गाभेही दोन, नवा आणि जुना. त्यांतला नेमका कोणता आणायचा, हे ठरवते कोण?

हे काम ‘बूटलोडर’ नावाचा छोटा कार्यक्रम करतो. लिनक्सच्या जगात सर्वाधिक प्रचलित बूटलोडर म्हणजे ‘ग्रब’. एरिक बोलेन यांनी १९९५ मध्ये त्याची सुरुवात केली. त्यापूर्वी ‘लिलो’ नावाचा बूटलोडर प्रचारात होता. गाभा डिस्कच्या कोणत्या कप्प्यांत आहे हे तो आधीच टिपून ठेवी, आणि गाभा बदलल्यावर ती टिपणी नव्याने करण्यास कोणी विसरले, तर संगणक सुरू होत नसे. ग्रबला फाईलींची मांडणीच वाचता येते. नावावरून तो फाईल शोधून काढतो.

माझ्यासारख्या जुन्या संगणकात बटण दाबल्यावर प्रथम जागा होतो तो मुख्य पट्टीवरील चिपमध्ये साठवलेला ‘बायोस’. त्याला फारसे काही कळत नाही. तो डिस्कचा अगदी पहिला कप्पा उचलतो, अवघ्या ५१२ बाइटचा. त्यातील ४४६ बाइटांत सूचना, ६४ बाइटांत डिस्कच्या विभागांचा तक्ता आणि उरलेल्या दोन बाइटांत एक ठरलेली खूण. खूण जुळली की बायोस त्या सूचनांच्या हाती कारभार सोपवतो. ४४६ बाइटांत मावणार ते किती? देवनागरीचे एक अक्षर हल्लीच्या पद्धतीने साठवले तर तीन बाइट घेते. म्हणजे या लेखातला एक बऱ्यापैकी परिच्छेदही तेवढ्या जागेत बसायचा नाही! म्हणून तिथे एवढेच लिहिलेले असते, की ग्रबचा पुढचा भाग अमुक ठिकाणी आहे, तो आण. तो पुढचा भाग फाईली वाचू शकतो, आणि मग ग्रब आपली यादी उघडतो. नव्या संगणकांत बायोसच्या जागी ‘यूईएफआय’ आले आहे. ते पहिल्या कप्प्यावर अवलंबून राहत नाही. डिस्कच्या एका खास विभागातील बूटलोडरची फाईल ते स्वतः वाचते, आणि कोणाला आधी हाक मारायची तो क्रमही मुख्य पट्टीवरच जपून ठेवते.

यादी उघडल्यावर ग्रब करतो काय, हे आपल्या दर्यापूरकरांना समजावणे सोपे आहे. मूर्तिजापूरहून आपली शकुंतला दोन वाटांनी फुटायची. एक रूळ आपल्या बनोसा स्थानकावरून अचलपूरला आणि दुसरा यवतमाळला. ती गाडी आता बंद आहे, पण तिच्या गोष्टी घराघरांत आहेत. गाडी कोणत्या रुळावर जावी, हे सांधेवाला आपल्या मनाने ठरवत नाही. त्याला आदेश असतो. त्याप्रमाणे तो सांधा बदलतो. ग्रबही तसाच. बुद्धी चालवून तो काहीच निवडत नाही. आधी तो पाहतो, की ‘या एका वेळेपुरती अमुक ओळ घे’ अशी चिठ्ठी कोणी ठेवली आहे काय. असल्यास ती पाळतो आणि पुसून टाकतो. नसल्यास नेहमीसाठी ठरवलेली ओळ धरतो. ओळींची मोजणी शून्यापासून होते, म्हणून ‘शून्य’ म्हणजे यादीतील पहिली ओळ. मग ठरलेले काही सेकंद तो थांबतो. तेवढ्यात कोणी बाणाची कळ दाबली तर मोजणी थांबते आणि निवड माणसाच्या हाती येते. नाही दाबली तर ठरलेलीच ओळ सुरू होते.

ओळ विंडोजची असेल, तर ग्रब त्याचा गाभा स्वतः आणत नाही. विंडोजच्या स्वतःच्या बूटलोडरला उठवून त्याच्या हाती सूत्रे देतो आणि बाजूला होतो. ओळ लिनक्सची असेल, तर दोन फाईली तो स्वतः स्मृतीत आणतो. एक गाभा आणि दुसरी त्याची शिदोरी. प्रणालीच्या फाईली ज्या विभागात आहेत तो शोधून उघडण्यास लागणारी साधने या शिदोरीत बांधलेली असतात. तो विभाग कोणता, हेही ग्रब गाभ्याच्या कानात सांगतो. त्यानंतर ग्रबचे काम संपते. इथे मात्र सांधेवाल्याची उपमा पुरत नाही. सांधेवाला पुढच्या गाडीसाठी उभा राहतो, ग्रब स्मृतीतून पुसलाच जातो.

माझ्या संगणकाचे दुखणे आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. सुधारणेबरोबर नवा गाभा आला होता. सर्वांत नव्या गाभ्याला पहिल्या ओळीत बसवण्याची रीतच आहे. परंतु वीज गेल्यामुळे त्याची शिदोरी अर्धवट लिहिली गेली. ग्रब रोज इमानाने शून्य क्रमांकाची ओळ धरी, उपाशी गाभा उठे, आपला विभाग त्याला सापडत नसे आणि तो हात टेकी. डिस्क धडधाकट होती. ओव्याही जागच्या जागी होत्या.

हे मला उमगले ते आमच्याच गावच्या एका दादामुळे. तो पुण्यात संगणकाचे काम करतो. फोनवर सगळे ऐकून तो म्हणाला, “थांब बे, काही पुसू नको. यादी येते का? दुसरी ओळ उघड.” यादी रोजच क्षणभर दिसे, ती वाचावी असे मला कधी सुचले नव्हते. दुसऱ्या ओळीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ असे होते. तिच्या आत नव्या गाभ्याखाली जुनाही उभा होता. क्रमांकात शेवटच्या आकड्यांचाच काय तो फरक. नवा गाभा आला तरी मागचा एक तरी राखून ठेवायचा, अशी व्यवस्था उबंटूत मुळातच आहे. मी जुना निवडला. दोन मिनिटांनी आजीच्या ओव्यांची फाईल माझ्यासमोर उघडली होती. त्या वेळी मी काय केले, ते येथे लिहीत नाही.

दादाने सांगितलेली आज्ञा मग टंकित केली. तिने अर्धवट राहिलेली जोडणी पुरी केली, शिदोरी नव्याने बांधली आणि यादीही नव्याने लिहिली. दुसऱ्या दिवशी नवा गाभा बिनतक्रार उठला. सारा खर्च फोनच्या बोलण्यापुरता.

त्या भरात मी ग्रबच्या मांडणीची फाईल उघडून पाहिली. साधी लिहिलेली फाईल आहे, कोणालाही वाचता येईल अशी. बदल करायला मात्र संगणकाचा परवलीचा शब्द लागतो, आणि बदलल्यावर यादी नव्याने लिहवून घ्यावी लागते. सी-डॅक या संस्थेने तयार केलेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणालीही ग्रबच उठवतो, असे दादाने सांगितले. ती मराठीतूनही वापरता येते. परीक्षा आटोपल्यावर यादीत तिचीही एक ओळ वाढवण्याचा विचार आहे.

तूर्त एवढाच बदल केला आहे, की थांबण्याचा काळ वाढवून वीस सेकंद ठेवला आहे. धाकटी बहीण संगणकासमोर बसली की वीसपासून उलटे आकडे मोठ्याने म्हणते, आणि आई स्वयंपाकघरातून विचारते, “उठला का रे तो?” ओव्यांची एक प्रत आता मराठी विभागाच्या कपाटात आहे.