दिवेलागणीनंतरची वाट

दिवेलागण झाली की आपले पाय स्वयंपाकघराकडेच वळतात, नाही का? एकदा मात्र मुलांना, सासूबाईंनाही घेऊन काजवे बघायला चला. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा परिसरात हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं काजव्यांनी लखलखतात. गावातला माहीतगार वाटाड्या सोबत घ्या, त्याच्या मागेच चाला. पायात बूट हवेतच. बॅटरीला लाल जिलेटीन कागद लावून ती जमिनीकडेच धरा; मोबाईलचा फ्लॅश बंद! कारण ही लुकलुक म्हणजे जोडीदाराला घातलेली साद. आपल्या झगमगाटात ती हरवली, तर जोड्या जमत नाहीत आणि पुढच्या वर्षी काजवे घटतात. सुरुवातीला काळोखाची भीती वाटेल. दहा-पंधरा मिनिटांत डोळे सरावतात... आणि मग मनही!