ऑक्सिकॉन्टिन: भरपाईची बिकट वाट

अमेरिकेत १९९६ साली पर्ड्यू फार्माने ऑक्सिकॉन्टिन ही अफूवर्गीय वेदनाशामक गोळी आणली आणि तिची सवय लागण्याचा धोका कमी असल्याचे डॉक्टरांच्या मनावर बिंबवले. २००७ मध्ये पर्ड्यूच्या संलग्न कंपनीने दिशाभुलीचा गुन्हा कबूल केला. व्यसन आणि मृत्यूंवरून कंपनीविरुद्धचे दावे वाढताच २०१९ मध्ये पर्ड्यूने दिवाळखोरीचा अर्ज केला. पीडितांची खरी फरफट इथून सुरू झाली. मुदतीत दावा नोंदवायचा, शिवाय गोळी डॉक्टरांनीच लिहून दिल्याचा पुरावा जोडायचा. मुलगा जाऊन पंधरा वर्षे झालेल्या आईने ती चिठ्ठी आणायची कुठून? मला ही अट निष्ठुर वाटते. मालक सॅकलर कुटुंबाला पुढील दाव्यांपासून कवच देणारा तोडगा सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये फेटाळला. नंतरच्या सुमारे ७४० कोटी डॉलरच्या तोडग्यातही मोठा वाटा राज्ये आणि स्थानिक संस्थांचा. पीडितांच्या हाती थेट पडणारी रक्कम त्यामानाने थोडीच.