दोन खोल्यांतला शिवणाचा कोपरा

दिवसा नोकरी आणि संध्याकाळी ब्लाऊज शिवणे किंवा साड्यांना फॉल लावून देणे, हा जोडधंदा शहरांतील मध्यमवर्गीय कुटुंबांना नवा नाही. १९५९ साली गिरगावातील सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यास सुरुवात केली आणि त्यातून ‘लिज्जत’ उभी राहिली. आजही त्या संस्थेच्या भगिनी मळलेले पीठ घरी नेऊन पापड लाटतात. घर हीच कामाची जागा, ही कल्पना महाराष्ट्राच्या चांगलीच अंगवळणी पडलेली आहे. मात्र पोळपाट-लाटणे काम संपल्यावर फडताळात जाते. शिवणयंत्र तसे जात नाही. खरी अडचण इथूनच सुरू होते.

बहुतेक घरांत यंत्र आधी येते आणि जागेचा विचार नंतर होतो. मग यंत्र पलंगाशेजारी, कापड पलंगावर, इस्त्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणि कातरण घरभर, अशी अवस्था होते. अभ्यासाला बसलेल्या मुलाला उठवून जमिनीवर कापड बेतले जाते. दोन-तीन महिन्यांत घरातील माणसे त्रासतात आणि ऐन लग्नसराईत, चार पैसे मिळण्याच्या वेळी, काम बंद पडते. गाळ्याचे भाडे वाचले हा हिशेब खरा असला, तरी ती किंमत घरच्यांच्या वावरातून वसूल होत असते, हे सहसा कोणी लिहून ठेवत नाही. म्हणूनच दोन खोल्यांच्या घरात एकच नियम उपयोगी पडतो. यंत्राची जागा कायमची ठरवावी, बाकी सर्व काही रोज घडी करून उचलता आले पाहिजे.

यंत्रासाठी साधारण चार फूट बाय तीन फूट जागा पुरते. त्यात बसणाऱ्याची खुर्ची मागे सरकवण्याची जागाही आली. घरात आईचे वा सासूबाईंचे बिडाच्या पायांचे जुने यंत्र पडून असेल, तर नवे घेण्याची घाई करू नये. तेलपाणी आणि दुरुस्ती करून त्यालाच मोटर बसवता येते. पिकोसाठी मात्र वेगळे यंत्र लागते. सुरुवातीला पिको बाहेरून करून घ्यावा आणि फॉल हाताने लावावा. त्यात पैसा आणि जागा दोन्ही वाचतात. यंत्राच्या पायांखाली जाड रबराचे तुकडे ठेवल्यास खालच्या मजल्यावर जाणारी धडधड बरीच कमी होते. रात्री नऊनंतर यंत्र न चालवता काजे, बटणे, हुक आणि फॉल ही हातकामे करावीत. शेजाऱ्यांशी वाद टाळण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

कापड बेतण्याच्या टेबलाचा विचार सर्वांत काळजीपूर्वक करावा लागतो. जमिनीवर वाकून बेतल्याने काही महिन्यांतच पाठ आणि गुडघे तक्रार करू लागतात. उभे राहून बेतण्यासाठी टेबलाची उंची कोपराच्या चार बोटे खाली असावी. मध्यम उंचीच्या स्त्रीसाठी ती ३४ ते ३६ इंच भरते. जेवणाचे टेबल साधारण ३० इंचांचे असते, म्हणून त्यावर बेतताना पाठ भरून येते. रुंदीबाबत मात्र अनेकांचा गैरसमज असतो. सुती कापडाचा पन्हा साधारणपणे ३६ ते ४४ इंच असतो आणि ते दुहेरी घडी करूनच बेतले जाते. म्हणजे दोन फूट रुंदीची फळी पुरेशी ठरते. आठ बाय चार फुटांचा प्लाय उभा कापून त्याचा निम्मा भाग घेतला, तर पाच फुटांची फळी निघते आणि उरलेल्या तीन फुटांत यंत्राच्या वरचे दोन कप्पे होतात. फळी बिजागरीने भिंतीला जोडून खाली सोडता येईल अशी केली, की काम नसताना ती भिंतीपासून काही इंचच पुढे राहते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. नव्या इमारतींतील आतल्या भिंती पुष्कळदा हलक्या ठोकळ्यांच्या असतात. त्यांत साधा खिळा वा स्क्रू भार पेलत नाही. त्यासाठी मिळणारे खास अँकर वापरावे लागतात आणि ते काम सुताराकडूनच करून घ्यावे. भाड्याच्या घरात भिंतीला भोके पाडणे शक्य नसते. तेथे घडीचे दोन लोखंडी स्टँड आणि त्यावर सुटी फळी, ही सोय बरी.

प्रकाशाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. पिवळ्या दिव्याखाली राणी आणि लाल रंगाचा दोरा सारखाच दिसतो आणि चूक दुसऱ्या दिवशी ग्राहकाच्या हातात उघड होते. दोरा दिवसाउजेडी जुळवून ठेवावा. उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डाव्या बाजूला पांढऱ्या प्रकाशाची २० वॅटची एलईडी नळी असावी, म्हणजे सुईवर हाताची सावली पडत नाही.

विजेच्या बिलाची धास्ती मात्र अवास्तव आहे. घरगुती यंत्राची मोटर साधारण १०० वॅटची असते. ती दहा तास सलग चालली, तर एक युनिट होते. रोज तीन तास, महिन्याचे २५ दिवस धरले, तरी साडेसात युनिटच. हजार वॅटची इस्त्री रोज तासभर वापरली आणि ती आपोआप बंद-चालू होत निम्मा वेळ वीज ओढते असे मानले, तर साडेबारा युनिट होतात. नळीचे दीड. एकूण खर्च जेमतेम २१-२२ युनिटांचा, आणि त्यातही यंत्रापेक्षा इस्त्रीच अधिक खाते. धोकाही इस्त्रीचाच आहे. यंत्र, दिवा आणि इस्त्री एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावण्याची सवय घातक ठरते. इस्त्रीला भिंतीतला स्वतंत्र पॉइंट हवा. वाफेच्या इस्त्रीसाठी तो मोठा, म्हणजे १६ अँपिअरचा आणि अर्थिंग तपासलेला असावा.

घरात व्यवसाय केला म्हणून लगेच व्यापारी दर लागतो, हीही सर्रास ऐकू येणारी भीती. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या महावितरणसाठीच्या २०२० च्या दरादेशात, राहत्या घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्या ग्राहकाचा वापर महिन्याला ३०० युनिटांपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटांपर्यंत असेल, तर त्याला निवासी वर्गातच ठेवण्याची तरतूद होती. दरादेश बदलत असतात, वीज कंपन्याही वेगवेगळ्या असतात. म्हणून चालू आदेशातील मर्यादा आपल्या उपविभागीय कार्यालयात विचारून घ्यावी. ही मर्यादा संपूर्ण घराच्या वापराची आहे, केवळ शिवणकामाची नव्हे. उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्र चालवणाऱ्या घराने ते ध्यानात ठेवावे.

गृहनिर्माण संस्थेचा प्रश्न नाजूक असतो. सदनिका निवासासाठी दिलेली असते आणि तिचा वापर बदलणे नियमात बसत नाही. घरातील एका व्यक्तीने कोपऱ्यात बसून शिवणे आणि दारावर पाटी लावून चार कारागीर बसवणे यांत अंतर आहे. तक्रारी होतात त्या जिन्यातील वर्दळ, आवाज आणि कचराकुंडीत साचणाऱ्या कातरणाच्या. सचिवांना आधीच कल्पना द्यावी आणि ग्राहकांना ठरावीक दोन तासांतच बोलवावे.

कागदपत्रे फारशी नाहीत. १ जुलै २०२० पासून सुरू असलेली ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहावे. ‘मुद्रा’ योजनेतील ‘शिशू’ गटात ५० हजार रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. त्यात अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे साह्य आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंतचे कर्ज आहे. मात्र लाभ कुटुंबातील एकालाच मिळतो आणि सरकारी सेवेतील व्यक्ती व तिचे कुटुंबीय त्यास पात्र नसतात. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. १९७९ च्या वर्तणूक नियमांनुसार पूर्वपरवानगीशिवाय स्वतः व्यापार करण्यास त्यांना मनाई आहे आणि कुटुंबातील कोणी व्यापार करीत असल्यास तसे शासनाला कळवावे लागते.

घरातील कामात एक वस्तू मात्र घरची नसते, ती म्हणजे ग्राहकाचे कापड. पैठणीचा ब्लाऊजपीस फोडणीच्या वाफेत किंवा लहान मुलाच्या हाती पडला, तर महिनाभराची कमाई भरपाईत जाते. झाकणाची एक पेटी फक्त यासाठीच ठेवावी. प्रत्येक कापड वेगळ्या पिशवीत ठेवून त्यावर नाव, माप आणि देण्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी टाचावी. घराचा विमा असल्यास त्यात अशा मालाचा समावेश आहे का, हे कंपनीला लेखी विचारावे. टाचण्यांसाठी लोहचुंबकाची डबी घ्यावी आणि उठण्यापूर्वी तोच चुंबक फरशीवरून एकदा फिरवावा. रात्री त्याच फरशीवर अंथरुणे पडणार असतात.