चार मुख्यमंत्री दिले, हिशेब मात्र बाकी

आपल्या भागातला माणूस सत्तेच्या शिखरावर पोचला की आपल्या भागाचे भले होते, अशी एक भाबडी समजूत आपल्या राजकारणात खोलवर रुजलेली आहे. ती कितपत खरी हे तपासायचे असेल तर नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणार नाही. नांदेडने शंकरराव चव्हाण आणि अशोक चव्हाण, तर लातूरने शिवाजीराव पाटील-निलंगेकर आणि विलासराव देशमुख असे चार मुख्यमंत्री महाराष्ट्राला दिले. १९७५ ते २०१० या काळात एकंदर सुमारे चौदा वर्षे राज्याची सूत्रे याच दोन जिल्ह्यांच्या हाती होती. केंद्रातील गृहमंत्रिपद आणि लोकसभेचे सभापतिपदही या मातीकडे आले. असे असूनही दोन्ही जिल्ह्यांचे दरडोई उत्पन्न राज्याच्या सरासरीखालीच आहे, आणि शिकलेला तरुण पुणे-हैदराबादची गाडी पकडतो आहे.

या नेत्यांनी काहीच केले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. जायकवाडी आणि विष्णुपुरी हे प्रकल्प, नांदेडचे विद्यापीठ, लातूरचे रुंद रस्ते आणि शिक्षणसंस्था डोळ्यांसमोर आहेत. प्रश्न निराळाच आहे. व्यक्तीच्या वजनाने आलेला विकास त्या व्यक्तीबरोबरच ओसरतो. संस्थेच्या बळावर आलेला हक्क मात्र टिकतो. आपण पहिल्यावर विसंबलो आणि दुसऱ्याची उपेक्षा केली.

या हक्काचा इतिहास फार जुना नाही. १९५३ च्या नागपूर करारात खर्च, तंत्रशिक्षणाच्या सोयी आणि सरकारी नोकऱ्या यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे वचन होते. १९५६ साली घटनेच्या ३७१ (२) या कलमाने स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद झाली. १९७४ साली मराठवाड्यातील विद्यार्थी विकासासाठी रस्त्यावर उतरले. पुढे दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेषाची मोजदाद केली आणि तो राज्यभर सुमारे ३,१८६ कोटी रुपये भरला. मागासलेपणाची तक्रार त्या अहवालाने आकड्यांत आणून ठेवली, हे त्याचे मोठेपण होय. घटनेत तरतूद होऊन अडतीस वर्षे लोटल्यावर, १९९४ साली, विकास मंडळे एकदाची अस्तित्वात आली. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली आणि ती वेळेवर वाढविली गेली नाही. २०२२ मध्ये पुनर्रचनेचा निर्णय जाहीर झाला. मंडळे मात्र लगेच उभी राहिली नाहीत. ज्या संस्थेसाठी एका पिढीने लाठ्या खाल्ल्या, ती निमूटपणे मिटली आणि त्याबद्दल एकही मोठा मोर्चा निघाला नाही. मला काळजी वाटते ती या शांततेची.

स्थानिक स्वराज्याची गतही तीच. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, हा ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीचा स्पष्ट दंडक आहे. तरीही नांदेड आणि लातूर येथील महापालिका व जिल्हा परिषदा यांची मुदत २०२२ मध्ये संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकांनी कारभार केला. अखेर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुकांचा आदेश द्यावा लागला. तेवढी वर्षे नळाला पाणी किती दिवसांआड येते, हे विचारायला निवडून आलेला नगरसेवक नव्हता. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूर शहराला हे परवडणारे आहे काय?

आता शेताकडे पाहू. या दोन जिल्ह्यांचा खरीप म्हणजे मुख्यतः सोयाबीन. त्याचा भाव लातूरच्या आडत बाजारात पुकारला जातो, पण ठरतो दिल्लीत आणि परदेशांत. २०२१ मध्ये भाव क्विंटलमागे दहा हजारांच्या घरात गेला, तोच केंद्राने बारा लाख टन सोयापेंड आयात करण्यास परवानगी दिली. २०२४-२५ साठी हमीभाव ४,८९२ रुपये होता. बाजारात त्याहून कमी मिळाले. त्या सप्टेंबरमध्ये खाद्यतेलावरील आयातशुल्क वाढविले गेले, तर मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावरील मूळ शुल्क निम्मे करण्यात आले. ग्राहकाला तेल स्वस्त मिळावे हे योग्यच. परंतु त्या स्वस्ताईची किंमत दरवेळी कोरडवाहू शेतकऱ्यानेच का मोजावी? त्यातच सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने उभे पीक पाण्याखाली घातले.

शेतातून सुटण्याची वाट म्हणून आपण शिक्षणाकडे पाहिले. ‘लातूर पॅटर्न’ने खेड्यातील सामान्य घरांतली मुले डॉक्टर-इंजिनिअर केली, हे त्याचे खरे यश. पण २०२४ च्या ‘नीट’ गैरप्रकाराच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत आले, तेव्हा शेत विकून शिकवणीची फी भरणाऱ्या बापाचा परीक्षेवरील विश्वासच डळमळला. गुणवत्तेची शिडी हीच गरिबाची एकमेव मत्ता. तिच्या पायऱ्या विकल्या जातात अशी शंका जरी आली, तरी लोकशाहीवरील श्रद्धा ढासळू लागते.

या अस्वस्थतेवर शासनाचे ठरलेले उत्तर म्हणजे थेट खात्यात पैसे. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेतून मिळणारे महिना १,५०० रुपये अनेक घरांत औषधाच्या आणि वह्यांच्या कामी आले. त्यांची हेटाळणी करू नये. मात्र राज्यावरील कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे गेले असताना, सिंचन, कारखाने आणि नोकरभरती यांची जागा अनुदानाने घेतली, तर उद्याच्या पिढीसाठी उरणार काय? हक्क मागणारा नागरिक हळूहळू कृपेची वाट पाहणारा लाभार्थी होतो, आणि नांदेड-लातूरचे हे दुखणे उद्या साऱ्या देशाचे होते.

म्हणून शिक्षकांना, कारकुनांना आणि विद्यार्थ्यांना एवढीच विनंती. मत मागणाऱ्याची जात आणि पक्ष बाजूला ठेवून त्याला तीन प्रश्न विचारावेत. विकास मंडळाचे काय केले? अनुशेष आज किती उरला आणि तो कोणत्या साली भरणार? आमच्या मुलांना आमच्याच जिल्ह्यात कोणते काम मिळणार? पाचवा मुख्यमंत्री या भागातून होईल की नाही, याची चर्चा आपण फार करतो. पहिल्या चौघांच्या काळापासून राहिलेला हिशेब मागितल्याखेरीज पाचव्याने फार काही बदलणार नाही.