कोणते मूल, किती काळासाठी? फोस्टर केअरचा निर्णय घेताना

आई-वडिलांचे छत्र हरपलेल्या किंवा स्वतःच्या घरात सुरक्षित नसलेल्या मुलाला बालगृहात न ठेवता दुसऱ्या कुटुंबात वाढवण्याच्या व्यवस्थेला फोस्टर केअर, म्हणजेच प्रतिपालकत्व म्हणतात. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ४४ मध्ये तिची तरतूद आहे. मूल कोणाकडे सोपवायचे हे जिल्ह्याची बाल कल्याण समिती ठरवते; इच्छुक कुटुंबाची पाहणी जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत होते. रायपूरच्या तेलीबांध्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबालाही हाच मार्ग आहे. मात्र आपल्या घराला कोणती जबाबदारी झेपेल, हे घरातल्यांनी अर्ज करण्याआधीच ठरवलेले बरे.

पहिला प्रश्न मुदतीचा. अल्पकालीन सांभाळ वर्षभरापर्यंतचा असतो, तर दीर्घकालीन सांभाळ मूल १८ वर्षांचे होईपर्यंतही चालू शकतो. आई-वडिलांची परिस्थिती सावरली की मूल त्यांच्याकडे परत जाते. लळा लावायचा आणि वेळ आली की निरोपही द्यायचा, हे ज्यांना जमणार नाही त्यांनी अल्पकालीन सांभाळ घेऊ नये. मूल कायमचे आपले व्हावे अशी इच्छा असेल, तर दत्तकविधान हा सरळ रस्ता आहे. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांच्या सांभाळानंतर प्रतिपालकांना तेच मूल दत्तक घेता येते. पण त्यासाठी ते दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त असावे लागते.

दुसरा प्रश्न वयाचा. या व्यवस्थेत प्रामुख्याने सहा वर्षांवरील मुले येतात. त्यांच्या सवयी जडलेल्या असतात, आठवणी पक्क्या असतात. घरात त्याच वयाचे आपले मूल असेल तर खोली, अभ्यास, खेळणी यांवरून ओढाताण होते. म्हणून त्याच्याशीही आधी बोलून घ्यावे. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावे असे कायदा सांगतो. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दोघांची सोय होणार नसेल, तर तसे पाहणीच्या वेळीच सांगावे.

तिसरा प्रश्न जन्मदात्यांचा. आई-वडील सांभाळासाठी अयोग्य ठरल्यामुळे मूल दुसरीकडे दिले असले, तरी मुलाच्या हिताला बाध येत नसेल तर त्यांना ठरावीक काळाने भेटता येते. अशा भेटीनंतर मूल रडते, चिडते, कधी अबोला धरते. त्याच्या आई-वडिलांना त्याच्यासमोर नावे न ठेवण्याइतका संयम घरातल्या प्रत्येकाकडे, आजी-आजोबांकडेही हवा.

आजारी किंवा अपंग मुलाच्या बाबतीत केवळ माया पुरत नाही. टाटीबंधच्या एम्समधल्या तपासण्यांसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला कोण जाणार, नोकरीत रजा कोणाला मिळणार, हे आधी ठरवावे लागते. भाषेचाही विचार हवा. छत्तीसगढी बोलत वाढलेल्या मुलाला मराठी घरात नवे शब्द, नवी चव, नवे सण भेटतात. त्याची बोली आणि धर्म पुसण्याचा हट्ट घराने धरू नये.

विवाहित जोडप्याचा संसार किमान दोन वर्षे स्थिर असावा लागतो. २०२४ पासून अविवाहित, विधवा, विधुर व घटस्फोटित व्यक्तींनाही अर्ज करता येतो. मात्र एकट्या पुरुषाकडे मुलगी सोपवली जात नाही. ‘मिशन वात्सल्य’अंतर्गत दर मुलामागे महिना ४,००० रुपयांच्या साहाय्याची तरतूद आहे. ही रक्कम मुलाच्या खर्चाला हातभार म्हणून असते. तिच्यावर घर चालवण्याचा हिशेब धरू नये. महाराष्ट्रातील बालसंगोपन योजनेचे महिना २,२५० रुपये ही त्या राज्याची वेगळी मदत आहे.

मूल घरी आल्यावर दरमहा पाहणीची कायद्यात तरतूद आहे. मुलाची ओळख उघड करणे कलम ७४ नुसार गुन्हा असल्याने त्याचे फोटो समाजमाध्यमांवर टाकता येत नाहीत.

प्रस्तावित मूल आपल्या घराला झेपणारे नसेल, तर तसे स्पष्ट सांगण्यात कमीपणा नाही. भिडेपोटी दिलेला होकार पुढे मोडला, तर त्या मुलाला आणखी एक घर सोडावे लागते. म्हणून इच्छुकांनी आपल्या मर्यादा घरात बोलून, लिहून काढाव्यात आणि मगच जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जावे.