दोन रिंगांचं भांडण

ऑइल फिल्टर बदलणं हे मोटारीच्या सर्व्हिसिंगमधलं अगदी सुरुवातीला शिकवलं जाणारं काम. जुना फिल्टर पान्यानं सैल करायचा, हातानं फिरवून उतरवायचा, इंजिनावरची त्याची बसण्याची जागा फडक्यानं पुसायची, नव्या फिल्टरच्या रबरी रिंगवरून तेलाचं बोट फिरवायचं, रिंग टेकेपर्यंत हातानं आवळायचं आणि मग साधारण पाऊण फेरा आणखी द्यायचा. यात धोक्याची जागा एकच. जुन्या फिल्टरची रिंग उष्णतेनं कडक होते, इंजिनाला चिकटून राहते आणि फिल्टर तेवढा हातात येतो. जागा पुसली, निदान बोटानं चाचपली, तर ती लगेच कळते. नाही चाचपली तर नवा फिल्टर तिच्यावरच बसतो. रबरावर रबर. गाडी सुरू होते, रॅम्पवर थेंबही गळत नाही, कधी कधी शहरात काही दिवस बिनतक्रार चालतेसुद्धा. मग महामार्गावर इंजिनाचे फेरे वाढतात, तेलाचा दाब वाढतो आणि एक रिंग जागेवरून सरकते. त्यानंतर तेल थेंबाथेंबानं जात नाही, धारेनं जातं.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून सर्व्हिसिंग करून घेतलेल्या माझ्या गाडीची रिंग पुणे-सातारा रस्त्यावर, खंबाटकीचा चढ सुरू झाल्यावर सरकली. डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचं लाल चित्र उमटलं. हा दिवा पातळी दाखवत नाही. तेलाचा दाब कोसळतो तेव्हा तो लागतो, म्हणजे तो लागेपर्यंत बेअरिंगांवरचा तेलाचा थर जायला आलेला असतो. पुढचा पेट्रोल पंप, पुढचं गॅरेज असा विचार तिथे करायचा नसतो. मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मागे डांबरावर काळा ओला पट्टा उमटला होता.

साताऱ्याच्या खंडाळ्याहून आलेला मेकॅनिक टॉर्च घेऊन गाडीखाली गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, "ताई, फिल्टरपाशी गळतंय. पण ह्यो फिल्टर मी काढला, तर ते म्हणतील गाडी बाहेर खोलली. मग तुमचं कुणी ऐकणार न्हाई. हाय तशी उचलून न्या." त्यानं हात न लावता फोटो काढून दिले आणि येण्याजाण्याचे तेवढे पैसे घेतले. पुढे जे काही माझ्या बाजूनं झालं, त्याचा पाया या माणसाच्या सल्ल्यानं घातला.

टोइंगवाल्याच्या गाडीवरून माझी गाडी पुन्हा त्याच अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या दारात आली. सर्व्हिस ॲडव्हायझरनं खाली वाकूनही न बघता निदान केलं: "मॅडम, खालून दगड लागला असणार." आणि पाठोपाठ, "सर आले असते तर त्यांना दाखवून समजावलं असतं." गाडी माझ्या नावावर, सर्व्हिसिंगचं बिल माझ्या नावावर, जॉब कार्डवर सही माझी. मी त्याला शांतपणे सांगितलं, की समजावायचं ते मलाच समजावा.

या सगळ्या व्यवहारात सर्वांत वजनदार कागद कोणता असेल तर तो जॉब कार्ड. गाडी आत जाताना त्यावर जे लिहिलं जातं, त्यावर पुढचा सगळा वाद चालतो. ॲडव्हायझरनं टाइप केलं होतं, 'ऑइल लीक, चेक करणे.' एवढंच राहिलं असतं तर ती गाडी कुठूनतरी गळत आलेली एक गाडी ठरली असती. मी सांगितलं, इथे मागच्या सर्व्हिसिंगच्या बिलाचा नंबर आणि तारीख लिहा, तेव्हाचं आणि आताचं किलोमीटर लिहा, 'गाडी टोइंग करून आणली' असं लिहा आणि 'ग्राहकासमोर उघडणे' असंही लिहा. तो म्हणाला, सिस्टममध्ये तशी सोय नाही. मग दोन्ही प्रतींवर पेनानं लिहिलं, खाली माझी सही आणि त्याची सही. सही करताना त्यानं बराच वेळ घेतला. त्यात त्याचा दोष नाही, त्याला तशा सहीची किंमत चांगली ठाऊक होती.

ग्राहकाला वर्कशॉपमध्ये जाऊ देत नाहीत. कारण सुरक्षेचं सांगतात आणि ते खोटं नाही, वर चढवलेल्या गाड्यांखाली अनोळखी माणसानं फिरू नये. पण सुरक्षित अंतरावर उभं राहून बघायला काहीच अडचण नसते. वर्क्स मॅनेजरनं शेवटी परवानगी दिली.

गाडी लिफ्टवर गेली. आधी मी तेल मोजायला लावलं. बिलात साडेतीन लिटर लावलं होतं. ड्रेन प्लग काढून मापात धरलं तेव्हा लिटरभरही भरलं नाही. तेलाच्या टाकीचा पत्रा टॉर्च लावून सगळीकडून बघितला. दगडाचा ठोका तर सोडाच, खरचटल्याची खूणसुद्धा नव्हती. मग टेक्निशियननं फिल्टर फिरवला. तो हातानंच निघाला. फिल्टरच्या खाचेत त्याची स्वतःची रिंग होती, आणि दुसरी, चपटी झालेली, एका बाजूनं बाहेर आलेली, इंजिनालाच चिकटलेली. मी फोनवर व्हिडिओ घेत होते. कुणी काही बोललं नाही. वर्क्स मॅनेजरनं ती रिंग नखानं सोडवली आणि फिल्टरशेजारी ट्रेमध्ये ठेवली.

फिल्टर बसवणारा मुलगा नुकताच आयटीआय करून आलेला होता. मला त्याच्यावर राग धरता आला नाही. मुद्दा त्याच्यापाशी सुरू होतो, पण संपत नाही. संध्याकाळी डिलिव्हरीची वेळ दिलेली असते, ग्राहक काचेपलीकडे बसलेले असतात, महिनाअखेरीला गाड्यांचा आकडा गाठायचा असतो. नवशिक्याच्या कामावर दुसऱ्यानं नजर टाकायची म्हणून तपासणीचा तक्ता असतो. माझ्या गाडीच्या तक्त्यावर सगळ्या चौकटींत एकाच पेनानं, एकाच झटक्यात केलेल्या बरोबरच्या खुणा होत्या. ज्यानं त्या खुणा केल्या, त्यानं गाडीखाली बघितलं नव्हतं. चूक मुलाची असली तरी जबाबदारी तिथली आहे. म्हणून पुढच्या पत्रात मी एक ओळ मुद्दाम घातली, की या प्रकरणाचा खर्च कुणाच्या पगारातून कापू नये.

इथपर्यंत वाद चूक कुणाची एवढाच होता. खरी ओढाताण त्यानंतर सुरू झाली. सेंटरचं म्हणणं, नवा फिल्टर आणि तेल 'गुडविल' म्हणून फुकट देतो, गाडी धुऊन देतो, विषय संपवू. मला फुकट काही नको होतं. दाब कोसळला तेव्हा इंजिनाच्या आत काय झालं, हे मला हवं होतं. बेअरिंग थोडं जरी घासलं गेलं असेल, तर ते आज आवाज करणार नाही, काही महिन्यांनी करेल, आणि तेव्हा हेच लोक म्हणतील की गाडी जुनी झाली. 'गुडविल'च्या कागदावर चूक झाल्याचा उल्लेख नसतो, म्हणून त्याच्या जोरावर नंतर काहीच मागता येत नाही.

त्यांनी मीच सही केलेली डिलिव्हरीची चिठ्ठी पुढे केली. 'काम समाधानकारक झाले' हे वाक्य त्यावर आधीच छापलेलं असतं आणि गेट पास हवा तर सही करावीच लागते. मी लिहून दिलं, की काउंटरवर उभ्या असलेल्या ग्राहकाला इंजिनाखालची रिंग दिसू शकत नाही, त्यामुळे ही सही तिच्याबद्दल नाही.

ग्राहक पंचायतीचे एक जुने कार्यकर्ते ओळखीचे आहेत. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात सुरू केलेल्या या चळवळीनं अशी पुष्कळ माणसं तयार केली. या ओळखीच्या कार्यकर्त्यांनी माझ्या पत्राचं कच्चं टिपण वाचलं आणि त्यातली निम्मी वाक्यं खोडली. "तुम्हाला किती मनस्ताप झाला ते त्यांना कळून उपयोग नाही. काय झालं, कधी झालं, कोणत्या कागदावर आहे आणि तुम्हाला काय हवं, एवढंच ठेवा." पत्र एका पानात बसलं. ते डीलरच्या जनरल मॅनेजरला गेलं, प्रत गाडीच्या कंपनीला.

कंपनीनं आधी हात झटकले. डीलरशी आमचं नातं 'प्रिन्सिपल टू प्रिन्सिपल' आहे, म्हणजे दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचं आहे, त्यांच्या कामाला आम्ही जबाबदार नाही, हा बचाव कंपन्या ग्राहक आयोगासमोरही घेतात. पण सर्व्हिसनंतर अभिप्राय विचारणारा फोन कंपनीकडूनच येतो आणि त्यातल्या गुणांवर डीलरचं बरंच काही अवलंबून असतं. मला तो फोन आला तेव्हा मी गुण दिले, कारण सांगितलं आणि ते शब्दशः नोंदवायला लावलं. त्यानंतर कंपनीचा एरिया सर्व्हिस मॅनेजर स्वतः गाडी बघायला आला.

हा माणूस कामाचा निघाला. त्यानं प्रेशर स्विचच्या जागी गेज लावून तेलाचा दाब मोजला, गरम इंजिनावर, आधी आयडलला आणि मग ३,००० फेऱ्यांवर, आणि वर्कशॉप मॅन्युअलमधले आकडे शेजारी ठेवले. तो फिल्टर कापून आतला घड्यांचा कागद पसरला आणि उजेडात धरून धातूची चमक शोधली. नव्हती. टाकी उतरवून बेअरिंगही बघा, असा माझा आग्रह होता. त्यानं सांगितलं, की दाब बरोबर आहे, कण नाहीत, इंजिन लगेच बंद झालं होतं. अशा वेळी सुस्थितीतली बेअरिंग उघडणं हीच नवी जोखीम. मला ते पटलं. त्याऐवजी १,००० किलोमीटरनंतर पुन्हा दाब मोजायचा, असं ठरलं.

तडजोडीच्या कागदात सर्व्हिसिंगमध्ये जुनी रिंग राहून गेल्याची कबुली आली, दाबाचे आकडे आले, टोइंगचे पैसे आले आणि वंगणाच्या अभावामुळे इंजिनात बिघाड निघाला तर एक वर्ष तो डीलरनं दुरुस्त करायचा, हे आलं. त्यांच्या मसुद्यात शेवटी एक ओळ होती: 'यापुढे ग्राहकाची कोणतीही मागणी राहणार नाही.' ती खोडल्याशिवाय सही करणार नाही म्हटलं. खोडली. दुसऱ्यांदा मोजलेला दाबही बरोबर निघाला.

हे मिटलं नसतं तर माझी फाइल तयार होती. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवता येते, त्यासाठी वकील लागत नाही. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्यानं एक मोठी सोय केली आहे: डीलर कुठेही असो, तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते. मोजलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत घटनेपासून २ वर्षांची. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५. निकालाला मात्र कायद्यात लिहिलंय त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागतो, आणि सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करायचं ओझं तक्रारदारावरच असतं. ट्रेमधली ती रिंग, जॉब कार्डवरच्या दोन सह्या आणि व्हिडिओ नसता, तर मी आयोगापुढे नेलं असतं ते फक्त माझं म्हणणं.

तेव्हा एक विनंती. पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी देताना जॉब कार्डवर 'जुने पार्ट परत द्यावेत' असं लिहून घ्या. गाडी घ्यायला जाल तेव्हा जुना ऑइल फिल्टर हातात घ्या आणि त्याच्या तोंडावर रबरी रिंग आहे का बघा. रिंग नसेल, तर ती इंजिनावर राहिली नाही याची खात्री होईपर्यंत गाडी गेटबाहेर काढू नका.